ट्रॅकवर उतरायचं मनावर घेतलंय : वर्षभर तयारी कशी करावी?

वळणवेडा_सातारा

मंडळी, नमस्कार.

राहतो साताऱ्यात, नोकरी एमआयडीसीत, बाइक केटीएम आरसी ३९०. यवतेश्वर, कास, पसरणी, आंबेनळी हे घाट रविवारी पहाटे ठरलेले असायचे. यंदाच्या पावसाळ्यापासून घाटात जोरात चालवणं मी बंद केलं. वळणापलीकडून एसटी येते, डंपर कच सांडून गेलेला असतो, कधी शेळ्या बसलेल्या असतात. पुढचं दिसत नाही तिथे बाइक पूर्ण झोकून देणं हा शहाणपणा नाही. आणि मला तर पूर्ण झोकूनच चालवायला शिकायचंय. त्याची जागा ट्रॅक, हे आता पक्कं झालंय.

अडचण अंतराची. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास ट्रॅक (३.७ किमी, बारा वळणं), कोइम्बतूरजवळचा कारी (२ किमीच्या थोडा वर), ग्रेटर नोएडाचा बुद्ध (५.१ किमी). साताऱ्याहून तिन्ही लांब. एकदा जायचं तरी रजा, पिकअप, राहणं, फी सगळं आलं. म्हणून पोचेन तेव्हा तयार असायला हवं. एक वर्ष द्यायची तयारी आहे. ते कशावर खर्च करू? बाइकवर, कपड्यांवर, शरीरावर की प्रशिक्षणावर? पुढे शर्यतीत उतरायचं स्वप्न आहे, वय एकोणतीस. उशीर झालाय का? घरी अजून सांगितलेलं नाही. ते कसं सांगावं, हेही सांगा.

चाकणचा_पाना

बाइकचं मी सांगतो, पोट त्याच्यावरच आहे.

नवीन माणूस आधी एक्झॉस्ट आणि एअर फिल्टर घेतो. ते पैसे टायर, ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइलला लाव. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. जुनं झालं की कमी तापमानाला उकळतं, आणि लागोपाठ जोरात ब्रेक लावले की लिव्हर मऊ पडत ग्रिपपर्यंत यायला लागते. रस्त्यावर हे जन्मात जाणवणार नाही. वेग दुप्पट तर थांबवायची ऊर्जा चौपट, आणि ती सगळी डिस्क आणि पॅडमध्ये उष्णता होऊन उतरते. ट्रॅकवर हे प्रत्येक लॅपला होतं.

आरसे, नंबर प्लेट, साडी गार्ड काढायचं. साइड स्टँड काढ, नाहीतर तारेने घट्ट बांध. हेडलाइट आणि इंडिकेटरवर टेप, म्हणजे पडलास तरी काचा ट्रॅकवर सांडत नाहीत. कूलंट काढून डिस्टिल्ड वॉटर भर, कारण कूलंटमधलं ग्लायकॉल सांडलं की डांबर निसरडं होतं आणि लवकर वाळत नाही. शर्यतीसाठी ड्रेन बोल्ट आणि ऑइल फिल्टरला सेफ्टी वायर लागते. चेन ढिली-ताठ बघ, व्हील बेअरिंग हलवून बघ, ब्रेकचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळ. स्क्रूटिनीला (उतरण्याआधी होणाऱ्या बाइकच्या तपासणीला) विचारतील म्हणून हे करू नकोस. तुझं ऑइल सांडलं तर मागून येणारे सगळे पडतात.

टायरची हवा हा वेगळाच अभ्यास. रस्त्याच्या हवेने निघालास तर टायर तापून हवा वाढते आणि रबर कमी टेकतं. सेशन (ट्रॅकवरची एक खेप) संपवून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, आल्या आल्या गेज लाव, वहीत लिही. पुढच्या वेळी तीच वही उपयोगी पडते.

मागची_सीट

साडी गार्ड काढल्यावर आईला कळणारच दादा, वेगळं सांगायची गरज नाही :)

घाटमाथा

माझं मत जरा वेगळं आहे. कॉलेजपासून ताम्हिणी आणि वरंध्यात चालवतोय. एका ट्रॅक डेच्या (फी भरून ट्रॅकवर स्वतःची बाइक चालवायच्या दिवसाच्या) खर्चात वर्षभराचं पेट्रोल आणि एक टायरचा जोड येतो. वळण हे वळणच असतं. घाटात खडी, पाणी, उतार, चढ सगळं वाचायला शिकतो माणूस. ट्रॅकवर गुळगुळीत डांबरावर गोल गोल फिरून काय वेगळं मिळणार? ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांचा हा खेळ आहे. साताऱ्याच्या पोराने कर्ज काढून त्यात पडू नये.

पिवळा_झेंडा

घाटमाथा, तुमचा काळजीचा भाग समजतो. पण वळण हे वळणच असतं, हे पटलं नाही.

मी ट्रॅकवर मार्शल म्हणून उभा राहतो, म्हणजे झेंडे दाखवणारा आणि पडलेल्यांना मदत करणारा. एकच वळण दिवसभर बघतो. तोच रायडर त्याच वळणात पुन्हा पुन्हा येतो, तेच डांबर, तोच ब्रेक मार्कर, समोरून कोणी येणार नाही याची खात्री. म्हणून त्याला एकच गोष्ट बदलून बघता येते. आज फक्त ब्रेक सोडायची पद्धत, पुढच्या सेशनला फक्त नजर. घाटात पाच गोष्टी एकाच वेळी बदललेल्या असतात, त्यामुळे वळण चांगलं गेलं तर का गेलं ते कळत नाही. आणि चूक झाली तर ट्रॅकवर मोकळी जागा असते, रुग्णवाहिका उभी असते. घाटात दरी किंवा कठडा.

वळणवेडा, तुझ्यासाठी दोन गोष्टी, ज्या कोणी सांगत नाही.

पहिली, झेंडे घरूनच पाठ करून ये. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक नाही. पिवळ्यावर लाल उभे पट्टे म्हणजे डांबर निसरडं. निळा म्हणजे मागून तुझ्यापेक्षा वेगवान कोणी येतोय. लाल म्हणजे सेशन थांबलं, वेग कमी कर, हात वर कर आणि सावकाश पिटमध्ये ये. काळ्यावर नारिंगी गोल आणि तुझा नंबर दिसला तर तुझ्या बाइकमध्ये बिघाड आहे, रेसिंग लाइन सोडून बाजूला हो. ब्रीफिंगमध्ये सांगतात, पण त्या वेळी पोटात गोळा आलेला असतो आणि डोक्यात काही शिरत नाही.

दुसरी, पडायचं कसं ते. बाइक गेली की सोडून दे. धरून राहिलास तर ती तुला घेऊन उलटेल. घसरताना हातपाय सैल ठेव, आणि थांबलोय असं वाटल्यावरही क्षणभर पडून राहा. शरीर अजून घसरत असतं आणि मेंदूला वाटतं थांबलं. तेव्हा उठायला गेलेले लोक मी कोलांट्या खाताना पाहिलेत. मग मार्शलकडे बघ, तो सांगेल त्याच बाजूला पळ. बाइक उचलायला परत वळू नकोस. ते आमचं काम आहे.

कास_पठार

+१ पिवळा_झेंडा. धागा वाचनखुणेत टाकला.

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे. नवरा ट्रॅकवर चालवतो, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून बघते.

बाइक चालवायला ताकद लागत नाही, हा गैरसमज पहिल्या सेशनमध्ये संपतो. पंचेचाळीस अंशांच्या झुकावात शरीरावर आडवा भार साधारण स्वतःच्या वजनाइतका असतो. दर काही सेकंदांनी एका बाजूने दुसऱ्या बाजूला लटकायचं, जोरात ब्रेक लावताना पुढे फेकलं जायचं. हा भार मांड्यांनी टाकी दाबून घ्यायचा असतो. मांड्या आणि पोट कच्चं असेल तर माणूस हँडलला लटकतो. मग पुढचं चाक हवं तसं वळत नाही, आणि कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू इतके फुगतात की ब्रेकची लिव्हर दाबताना किती दाबतोय ते कळत नाही. सेशनच्या शेवटी पडणाऱ्यांत हे कारण फार दिसतं.

वर्ष आहे ना? मग रोज प्लँक, साइड प्लँक, एका पायावरचे स्क्वॉट, मांड्यांत चेंडू दाबून धरणं. मानेसाठी हाताच्या रोधाविरुद्ध डोकं दाबणं. आठवड्यातून तीनदा पळणं किंवा सायकल, हृदयाचा ठोका बराच वेळ वर राहील अशी. तू साताऱ्याचा आहेस, अजिंक्यतारा चढून ये, वेगळ्या जिमची गरज नाही.

आणि चेन्नईचं ऊन. काळ्या लेदर सूटमध्ये, दमट हवेत, गरम इंजिनवर. आदल्या दिवसापासून पाणी आणि मीठ-साखर घेत राहा. सेशन संपलं की सूट कमरेपर्यंत उतरव, सावलीत बस. चक्कर, डोकेदुखी किंवा घाम थांबला असं वाटलं तर पुढचं सेशन सोड. पैसे भरलेत म्हणून उतरू नकोस. नवऱ्यालाही हेच सांगते आणि तो ऐकतो, याचा मला अभिमान आहे.

शोलावरम_पाहिलेला

धागा वाचून तरुण झालो. तुम्ही इरुंगट्टुकोट्टईचं बोलता, ते १९९० च्या सुमारास आलं. त्याआधी मद्रासबाहेर शोलावरम होतं, महायुद्धातली विमानांची धावपट्टी. आम्ही पुण्याहून रेल्वेच्या पार्सल डब्यात बाइक टाकून जायचो. येझदी, आरडी ३५०, नंतर आरएक्स १००. टाकी रिकामी करून, गोणपाट गुंडाळून. ते गोणपाट अजून चालतं, बरं का. पार्सलला आजही टाकी रिकामीच लागते.

त्या वेळी शिकवणारं कोणी नव्हतं. मद्रास-बंगळूरचे लोक का पुढे जातात ते आम्ही कठड्यावर बसून डोळ्यांनी शिकलो. ब्रेक कुठे लावतो यापेक्षा ब्रेक कुठे सोडतो, यात फरक होता. घाटमाथा, पैशाचं म्हणाल तर त्या काळी आमच्यात सगळे गॅरेजवाले आणि कारकून होते. पैसेवाला एखादाच. बाकीचे वर्गणी काढून गेलो.

आरटीआर_ताई

शोलावरमकाका, दंडवत. अजून लिहा, वेगळा धागाच काढा.

पैशाच्या मुद्द्यावर मला बोलायचंय, कारण मी पगारावर जगणारी आहे आणि तरीही शर्यतीत उतरते. शर्यतीची बाइक विकत घ्यावीच लागते असं नाही. टीव्हीएस १९९४ पासून वन-मेक शर्यती (सगळ्यांना एकाच कंपनीच्या सारख्या बाइक) भरवतंय. निवड फेरी होते, लॅपच्या वेळेवर निवडतात, बाइक त्यांची. मुलींसाठी वेगळा गट आहे. रॉयल एनफिल्डचा काँटिनेंटल जीटी कप २०२१ पासून आहे, तिथेही सगळ्यांना सारख्याच ६५०. तुला एफएमएससीआयचा (देशातल्या मोटर शर्यतींच्या संघटनेचा) परवाना, वैद्यकीय तपासणी, स्वतःचे कपडे आणि प्रवास एवढं बघायचं. एकोणतीस हे वय अडचण नाही. घड्याळाला वय कळत नाही.

पण निवड फेरीत जायच्या आधी शिकून जा. चेन्नईला कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलचे वर्ग झालेत, आपल्या रेसरांनी चालवलेल्या अकादम्याही आहेत. पहिल्या पातळीवर गुडघा टेकवणं शिकवत नाहीत. थ्रॉटल कसा उघडत न्यायचा, बाइक नेमकी कुठे वळवायची, किती झटकन वळवायची, हात सैल कसे ठेवायचे आणि नजर वळायच्या बिंदूवरून अपेक्सवर (वळणाच्या आतल्या कडेच्या बिंदूवर) आधीच कशी न्यायची, एवढंच. त्यातलं प्रत्येक मला घरच्या रस्त्यावर हळू वेगात रोज करता आलं. झोकून देणं म्हणजे मी हेच समजते. एकदा ठरवलेल्या बिंदूवर बाइक वळवली की मध्येच थ्रॉटल बंद करायचा नाही, आणि नजर बाहेरच्या कडेकडे जाऊ द्यायची नाही. जिथे बघाल तिथेच बाइक जाते. भीती वाटते ती नजर जवळ पडल्यामुळे. नजर लांब गेली की तोच वेग संथ वाटतो.

तुझं वर्ष मी असं वाटेन : पैशातला मोठा वाटा कपडे आणि प्रशिक्षणाला, रोजची मेहनत शरीराला, आणि बाइकला फक्त पान्याभाऊंनी सांगितलं तेवढं. चांगला वन-पीस लेदर सूट तीस-चाळीस हजारांच्या खाली बघू नकोस. पाठीचं प्रोटेक्टर सीई लेव्हल २, मनगट झाकणारे लेदर ग्लोव्ह, घोट्याच्या वर जाणारे बूट, डबल-डी रिंगचं फुल फेस हेल्मेट. आणि इअरप्लग. वाऱ्याच्या आवाजानेच निम्मा थकवा येतो.

डर्बीशायरकर

इकडे इंग्लंडमध्ये डॉनिंग्टन माझ्या घरापासून जवळ आहे, कॅडवेल थोडा लांब. इकडची एक पद्धत सांगावीशी वाटते. ट्रॅक डेला नवखे, मधले, वेगवान असे गट असतात, साधारण वीस मिनिटांची सेशन. पहिल्या काही लॅप प्रशिक्षकाच्या मागे, फक्त लाइन बघायला. सकाळी आवाज मोजतात, जास्त निघाला तर बाइक परत व्हॅनमध्ये. शर्यतीला उतरायचं तर आधी एक दिवसाचा वर्ग आणि परीक्षा, मग नवख्यांना नारिंगी जाकीट घालून शर्यत करावी लागते, म्हणजे मागच्याला कळतं की जपून जा. कोणालाही त्याची लाज वाटत नाही. आपल्याकडे नवखा गटात नाव घालायला मुलं कचरतात, ते चुकीचं आहे. गट निवडताना खालचाच निवड. वर सरकवायला प्रशिक्षक असतातच.

अवांतर : सातारी कंदी पेढे कोणी पाठवेल का?

मागची_सीट

पेढे लॅप टाइमवर मिळतील!

कलम_वाचक

विम्याचं कोणीच बोललं नाही, म्हणून मी. याच धंद्यात आहे.

बाइकच्या नेहमीच्या पॉलिसीत 'वापराची मर्यादा' हा भाग काढून वाचा. संघटित शर्यत, वेगचाचणी, पेस-मेकिंग हे वापर त्यातून वगळलेले असतात. ट्रॅकवर बाइक मोडली तर पैसे मिळतील असं धरून चालू नका. आरोग्य विम्यात साहसी खेळांचा एक प्रमाणित अपवाद असतो, कोड एक्सल ०९. त्यात मोटर रेसिंगचं नाव सरळ लिहिलेलं आहे, पण शब्द असे आहेत की व्यावसायिक म्हणून भाग घेतल्याने लागणारे उपचार वगळले आहेत. हौशी ट्रॅक डे यात बसतो का, हे तुमच्या कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. तोंडी उत्तर दाव्याच्या वेळी कामाला येत नाही. अपघात विमा वेगळा असेल तर त्याचेही अपवाद वाचा. आयोजकांचा विमा आहे का, किती रकमेचा, हे फी भरायच्या आधी विचारा. आणि बाजूला सहा महिन्यांचा घरखर्च ठेवा. हात मोडला तर नोकरीवर दीड-दोन महिने जाता येत नाही. एमआयडीसीत मशीनवर असाल तर जास्तच.

घाटमाथा

@कलम_वाचक, मग घाटच बरा की!

कलम_वाचक

@घाटमाथा, सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केलं तर एक वर्षापर्यंत आणि दहा हजारांपर्यंत. आणि समोरून दुधाची मोटारसायकल घेऊन येणाऱ्या माणसाने यात भाग घ्यायचं कबूल केलेलं नसतं. माझा सगळा मुद्दा तोच आहे.

घाटमाथा

शेवटचं वाक्य पटलं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पॅडॉकमधला_बाप

घरी कसं सांगावं, याला अजून कोणी हात लावला नाही. माझा मुलगा शर्यतीत उतरतो. मी टायरची हवा बघतो, पाण्याच्या बाटल्या भरतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये मद्रास ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेच्या शर्यतीत बेंगळुरूचा तेरा वर्षांचा मुलगा गेला. गुणी मुलगा होता. त्या आठवड्याच्या उरलेल्या शर्यती रद्द झाल्या. तेव्हा आमच्या घरी रात्रभर बोलणं झालं. बायको म्हणाली, धोका नाही असं मला कोणी सांगू नका, धोका कसा कमी करताय ते सांगा. तेव्हापासून आमच्या घरात तोच नियम आहे. वळणवेडा, तूही घरी हा खेळ सुरक्षित आहे असं सांगू नकोस. ते खरं नाही, आणि एक दिवस ते उघडं पडेल. सूट दाखव, पाठीचं प्रोटेक्टर त्यांच्या हातात दे, विम्याचं लेखी उत्तर दाखव, किती पैसे कुठून येणार ते कागदावर मांड. आणि पहिल्या वेळेला बायकोला सोबत ने. पॅडॉकमध्ये (ट्रॅकमागे बाइक तयार करायच्या जागेत) एक दिवस काढला की कळतं, तिथे उडाणटप्पू कोणी नाही. सकाळी सहाला सगळे बोल्ट तपासत असतात.

आणखी एक. मुलाला मी एकच विचारतो, पोट, झोप, डोकं ठीक आहे का. तिन्हींतलं एक जरी नसलं तर त्या दिवशी बाइक स्टँडवरून उतरत नाही. हे आधी ठरलेलं असल्याने तिथे वाद होत नाही.

लाल_माती

ट्रॅक लांब आहे म्हणून वर्ष वाया घालवू नकोस. पुण्यात-नाशकात सुपरक्रॉस (मातीच्या ट्रॅकवर उड्या घेत होणारी बाइक शर्यत) करणारी मंडळी आहेत, जानेवारी २०२४ ला बालेवाडीत सुपरक्रॉस लीगची फेरीही झाली. एखादी जुनी दीडशे-दोनशे सीसी घे आणि मातीत शिक. मागचं चाक सुटलं की अंग आखडू न देणं मातीत कमी वेगात, कमी खर्चात शिकता येतं. कोल्हापूरजवळ मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक साताऱ्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्यासारखा आहे. बाइकसाठी कधी मिळतो, ते आधी विचारून घे.

पिवळा_झेंडा

@लाल_माती सहमत. मातीतून आलेली मुलं लगेच ओळखू येतात. बाइक हलली तरी खांदे हलत नाहीत.

वळणवेडा_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला.

पॅडॉकमधल्या काकांनी सांगितलं तसंच केलं. हिशोबाचा कागद मांडला, विमा कंपनीला ईमेल टाकला, मग घरी बोललो. आईने एकच विचारलं, घाटात जाणं पूर्ण बंद का? म्हटलं जोरात चालवणं बंद. ती म्हणाली, मग हे बरं. बायकोने सूटचे पैसे दिवाळीच्या बोनसमधून घ्यायला सांगितले आणि ट्रॅकवर ती येणारच आहे.

ठरलं ते असं : पुढच्या पावसाळ्यापर्यंत अजिंक्यतारा आणि सांधेजोड ताईंचे व्यायाम. कोल्हापूरला जमेल तेव्हा. एक्झॉस्ट रद्द. हिवाळ्यात चेन्नईला प्रशिक्षण, नवख्या गटात. निवड फेरीचा विचार त्यानंतर, प्रशिक्षक म्हणाले तर. घाटमाथा, तुम्हीही चला. खडी वाचायची तुमची नजर ट्रॅकवर वाया जाणार नाही.

घाटमाथा

कारीला जाणार असाल तर येतो. प्रेक्षक म्हणून नाही, आताच सांगून ठेवतो. माझ्या बाइकला ट्यूबचे टायर आहेत, चालतील का?

चाकणचा_पाना

@घाटमाथा, ट्यूबवाले नकोत, पंक्चर झालं की हवा एकदम जाते. ट्यूबलेस व्हील बसतात का, ते बाइक बघून सांगतो. रविवारी दुपारनंतर गॅरेजवर आणा.

हिवाळ्यात मी बोलेरो पिकअप नेणार आहे. तीन बाइक शेजारी शेजारी बसतात, एक जागा वळणवेड्याची धरली, एक घाटमाथांची. डिझेल आणि टोल वाटून घेऊ. चौथा कोणी असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे मोठी गाडी बघतो. पट्टे आणि पुढच्या चाकाचे स्टँड माझ्याकडे आहेत, पॅडॉक स्टँड ज्याचा त्याने आणायचा.